गुळाची तुला

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. देवळाचा कळससुद्धा दिसत नव्हता. शिवाप्पाचा राग मात्र साऱ्या गावाला दिसत होता.

हा शिवाप्पा त्या गावच्या गुळाच्या बाजारात तोलार होता. माल तोलून द्यायचं त्याचं काम. ढेप नुसती हातात धरून वजन सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही. त्याची लेक महानंदा शहरात विद्यापीठात शिकायला निघाली, तेव्हा तो देवाला नवस बोलला. पोरीची आज गुळानं तुला करतो, आणि पुढं दरसाल पास झाली की करीन, गूळ गावाला वाटीन. त्या पहिल्या तुलेला पन्नास किलो गूळ लागला.

पहिल्या वर्षानंतर सात किलो जास्त चढवावा लागला. लोक हसले. यंदा गावाचं तोंड जास्त गोड, असं कुणीतरी म्हणालं. शिवाप्पा भडकला. तिथं शिकतेस की बसून खातेस, म्हणून त्यानं चारचौघांत पोरीला झापलं. ती मान खाली घालून पारड्यातून उतरली.

दुसऱ्या वर्षी, त्या धुक्याच्या दिवशी, बेचाळीस किलोलाच पारडी बरोबर झाली. शिवाप्पानं काट्याला शिवी घातली. पारडी पुसली, साखळ्या सोडून परत लावल्या, ढेपा बदलल्या. तीनदा तोललं. तीनदा बेचाळीस. मग तो पोर शहरात जिथं जेवायची त्या खानावळवाल्यावर घसरला. पोरीला उपाशी ठेवतो काय, त्याचं तंगडंच मोडतो म्हणाला. आणि एवढा वेळ पोर पारड्यातच बसून, थंडीत कुडकुडत, सगळ्या गावासमोर. सांगताना मलाही राग येतो बघा.

शेजारच्या चंपाक्काला राहवलं नाही. तिनं आपली शाल पोरीच्या अंगावर टाकली आणि हळूच विचारलं, "काय होतंय गं बाई?"

"परीक्षेची भीती वाटते, अक्का. पहिल्या वर्षी भीतीनं दिवसभर काहीबाही खात सुटले. आता भीतीनं घास गिळवत नाही. नापास झाले तर अण्णा या पारड्यापुढं कसे उभे राहतील, तेच डोक्यात फिरतं."

"मग मला का नाही सांगितलंस?" शिवाप्पा तिच्यावरच ओरडला.

 त्याला उत्तर दिलं ते चंपाक्कानं. ते ऐकताच त्यानं हातातली ढेप खाली ठेवली, लेकीला हात देऊन उतरवलं. ती तुला त्यानं पुन्हा टांगली नाही.

तात्पर्य: शिकणाऱ्या लेकराचं अंग भरलं किंवा झडलं, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या मनात काय चाललंय ते विचारावं. चंपाक्का शिवाप्पाला म्हणाली ते हेच, "काटा तीनदा तपासलास, शिवाप्पा. पोरीला एकदा तरी विचारलंस का?"