फळ्याशेजारचं फडकं

हे बोलणं झालं तेव्हा मी तिथे नव्हते. सुयोग मगदूमने सांगितलं तसं लिहिते. एरवी त्याच्या प्रत्येक हकिकतीत तोच जिंकतो. या एका हकिकतीत तो जिंकत नाही, म्हणून ती मला विश्वसनीय वाटते.

"नव्या जाळ्यावर पहिलं वाक्य तुम्ही लिहाल ना, मास्तर?"

आवटी मास्तर एके काळी यंत्रमागांच्या पेठेत, संपाच्या दिवसांत, चौकाचौकातले फळे लिहीत. सुयोग राजकारण शिकला तो त्यांच्याकडेच. पेठेतली शाळा वाचवण्यासाठी त्याने समाजमाध्यमावर चालवलेलं पान त्या माध्यमाच्या कंपनीने मतदानाच्या तोंडावर बंद केलं होतं. साठ हजार फॉलोअर गेले. कारण कळलं नाही. विचारायला माणूसही नव्हता.

"या नव्या जाळ्याला मालकच नाही. गावोगाव छोटे सर्व्हर, ज्याचा त्याचा, तरी एकमेकांना जोडलेले. अगदी तुमच्या फळ्यांसारखं."

"असं? खडूची धूळ नाकात जाते का रे तिथं?"

"चेष्टा नको, मास्तर. तुमचं नाव दिसलं तरच जुने कामगार येतील. नाहीतर शाळा गेली."

"...विरोधकांना लिहिता येईल?"

"त्यांनी त्यांचा सर्व्हर काढावा. आपल्याकडे आले तर एका बोटानं बाहेर."

"म्हणजे मालक आहे की. तू."



मास्तर उठले. आतून एक विटलेलं, विरलेलं फडकं आणून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

"फळ्याशेजारी खिळा असायचा. खिळ्याला हे. ज्याला मजकूर पटला नाही, त्यानं पुसावा."

"विरोधक टांगायचे?"

"मी."

"तुम्ही? स्वतःचंच लिहिलेलं पुसायला?"

"पुसायला आलेला आधी वाचतो."

बाहेर एखाददुसराच माग चालू होता. पूर्वी या वेळी पेठेत ओरडून बोलावं लागे.

"मग... लिहिणार ना?"

"तुझ्या त्या जाळ्यात खिळा कुठं ठोकणार, ते सांग. लगेच लिहितो."

सुयोग फडक्याची घडी घालत राहिला. मोडत राहिला.

"खरंच पुसायचं कुणी?"

"मारुती चौकातला फळा तर रोज रात्री."

"कोण होता?"

"संप मिटला, पेठ ओसरली... अजून कळलेलं नाही. पण सकाळी जावं तर फडकं धुऊन, पिळून, खिळ्याला नीट टांगलेलं असायचं."