मिठाच्या वाफ्यातले खळगे

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, पण माझं खरं मानतंय कोण?" कातरीन मिठागराच्या बांधावर उभी राहून साऱ्या गावाला सुनावत होती. ही फार फार जुन्या काळातली गोष्ट. खाडीकाठी एक गाव होतं. गावात येशूचं लहानसं देऊळ होतं, आणि माणसं मिठावर जगत होती.

मीठ पिकवायचं तर आधी वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करावा लागतो. बायका ओळीने उभ्या राहायच्या, एकमेकींचे हात धरायच्या आणि पंधरा दिवस सबंध पाऊल टेकवत चिखल दाबायच्या. मगच खाडीचं पाणी आत घ्यायचं. तळ कच्चा राहिला की मीठ मातकट.

त्या वर्षी मीठ मातकट निघालं.

कातरीनने बोट दाखवलं ते सेसीलकडे. सेसील डोंगराकडून आलेली विधवा, एका पायाने लंगडी, पदरात तान्ही पोर. हिला वाफ्यात घेऊ नका, असं कातरीनने आधीच बजावलं होतं. तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. आता बायकाही बोलू लागल्या. ही एका पायाने दाबते नि दुसऱ्याने उकरते, असं एकजण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. म्हातारा मुकादम इनासबाबा म्हणाला, उद्या पाणी काढून तळ बघू. दोष सेसीलचा निघाला तर तिने दुसरीकडे काम शोधावं. दुसरीकडे सेसीलचं कोणीच नव्हतं.

सकाळी वाफा रिकामा झाला. कातरीन सगळ्यांच्या आधी पोचली. तळाला खळगे पडले होते, खोल, गोल, तळाशी गाळ साचलेले. लंगडा पाय ओढल्याची खूण कुठेच नव्हती. ते टाचांचे खळगे होते. तिने एका खळग्यात आपली टाच ठेवली. नेमकी बसली. दुसऱ्यात ठेवली, तीही बसली.

पंधरा दिवस ती सेसीलला ओळीत बघून जळत होती. हात सोडून, दात खाऊन टाच आपटत होती. सगळ्यांत जास्त घाम तिनेच गाळला होता.

बांधावर अजून कोणी नव्हतं. नुसता हात फिरवला असता तरी खळगे बुजले असते. तिने मूठभर गाळ उचललासुद्धा.

"प्रभू, कष्ट तर मीच जास्त केले ना?" ती पुटपुटली.

तेवढ्यात लांबून सेसील येताना दिसली. कडेवर पोर होती, आणि डोक्यावर बांधून घेतलेलं गाठोडं. निकाल लागायच्या आधीच ती निघायच्या तयारीने आली होती.

कातरीनच्या मुठीतला गाळ गळून पडला.

सगळे जमल्यावर इनासबाबाने विचारलं, "हे कोणाचं काम?"

"माझं, बाबा. राग तुडवत होते मी इथे."

कोणी हसलं नाही. कातरीनने सेसीलच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून बांधावर ठेवलं आणि हात पुढे केला. "चल गं. पाऊल हळू कसं टाकायचं ते दाखव मला."

तळ पुन्हा पंधरा दिवस तुडवला. देवाला वाहायचं पहिलं मीठ देवळात उशिरा गेलं, पण पांढरं गेलं.

माया नसेल तर कितीही घाम गाळलेलं काम देवापुढे मातकटच ठरतं. आणि त्या वर्षी मीठ नासवलं कोणी, असं पुढे कोणी विचारलं, की ती बाई स्वतःच नाव सांगायची: कातरीन.