छत्तीस इंची पातं

“...आणि छत्तीस इंची पातं घेतलं तर, नाना?”

अंगणात आडव्या पडलेल्या आंब्याच्या खोडाकडे मष्णूनाना बघत राहिले.

परशरामानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. लाकूड चिरायचं साखळीचं मशीन, ब्याण्णव सीसीचं. त्याला छत्तीस इंची पातं, वर फळीची जाडी धरणारी लोखंडी चौकट. एवढं असलं की घरच्या अंगणात एकटा माणूस फळ्या पाडू शकतो. लहान मशीन या बुंध्यात अर्ध्यावरच धापा टाकेल. कोल्हापुरातली दुकानं पालथी घालून त्यानं सगळी माहिती काढली होती. सुतारकाम तो याच म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकला. आता त्याचा स्वतःचा कारखाना होता. विचारायला म्हणून त्यानं नानांना घरी आणलं होतं, पण ऐकायचं होतं ते ‘घे’ एवढंच.

“गिरणीत का नाही चिरून घेत?”

परशरामानं पायाजवळचा ढलपा उचलून बाजूला टाकला.

“गिरणीवाल्याला दाखवलंस की नाही?”

“दाखवलं. येऊन बघून गेला. नको म्हणाला.”

“का?”

“बुंध्यात लोखंड आहे म्हणाला. त्याचं पातं तुटेल.”

“आणि तुझं नाही तुटणार.”

“मोठं मशीन आहे, नाना. साखळी गेली तर दुसरी घालीन.”

महिन्यामागं परशरामाची आई गेली. तिच्या सरणासाठी दारातला हा आंबा तोडला. फांद्या तिच्याबरोबर गेल्या, खोड मागं राहिलं. आंब्याचं लाकूड ते, उघड्यावर पावसात सापडलं की किडणार. त्याआधी परशरामाला त्याचं दार करायचं होतं. आईचं झाड, आईच्या घराचं दार. अखंड रुंद फळी निघणार होती ती फक्त बुंध्यात.

“बुंधा सोड,” नाना म्हणाले. “चार फूट. त्याच्या वर लोखंड नाही. लहान मशीनही पुरेल. फळ्यांना जोड द्यावा लागेल, एवढंच.”

“स्वतःच्या घराला जोडाचं दार लावू? लोक काय म्हणतील, सुतार आहे की कोण आहे?”

“म्हणू देत.”

“नाना, ते खिळे आईनंच मारून घेतलेत. पोर आजारी पडलं की आंब्याला खिळा. आजार झाडात राहतो म्हणायची. चौघं होतो आम्ही. तिघं गेली, मी राहिलो.” तो जरासा हसला. “माझाही खिळा आहे त्यात. आईनं शंभरदा सांगितलंय. तो लागू पडला म्हणून मी वाचलो. मग त्यातून मी पातं घातलं तर कुणाची हरकत?”

नाना उठले. गुडघ्यावर हात देत देत खोडाच्या जाड टोकाशी गेले आणि तिथं जमिनीवर बसले.

“खिळे मीच मारलेत,” ते म्हणाले. “ती पोराला झाडाला टेकवून धरायची. डोक्याच्या वर बोटभर जागा सोडून मी मारायचो.”

त्यांचा हात सालीवरून सरकू लागला. हातभर गेला आणि थांबला. सालीखाली सुपारीएवढी गाठ होती.

“बाळू. नुकताच बसायला लागला होता.”

हात पुढं सरकला. पुन्हा थांबला.

“रखमा. भिंत धरून उभी राहायची.”

आणखी वीतभर.

“निंगू... हा पळायचा. हाताला लागायचा नाही.”

हात तिथंच राहिला.

परशराम वाट बघत होता. मग तो स्वतःच वाकला आणि पुढची साल चाचपू लागला. एक हात, दोन हात, पार पहिली फांदी तोडली होती तिथपर्यंत. साल सगळीकडे सरळ होती.

“झाड वाढलं तसा वर गेला असेल.”

“झाड शेंड्याकडून वाढतं, परशा. खिळा मारला तिथंच राहतो.”

“मग चौथा कुठंय?”

नानांनी सालीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“तू तापलास तेव्हा ती मला बोलवायला आली होती. तू खांद्यावर, खिळा मुठीत. आम्ही इथवर आलो. मी हातोडा उचलला... ती झाडातल्या त्या तीन खिळ्यांकडे बघत उभी राहिली. खूप वेळ. मग म्हणाली, राहू दे. आणि तुला घेऊन घरात गेली.”

“पण ती तर सांगायची...”

“मला म्हणाली होती, त्याला कळू देऊ नका. त्या तिघांना खिळा आणि मला का नाही, असं विचारील.”

परशराम खोडावर बसायला गेला आणि न बसताच तसाच उभा राहिला. त्याच्या हाताला सालीचा भुगा लागला होता. तो झटकायचंही त्याला सुचलं नाही.

“मग मी कशानं वाचलो, नाना?”

नाना त्या तिसऱ्या गाठीकडे बघत होते...

“लहान मशीन घे,” ते म्हणाले.