दिवाणजींच्या पागोट्यावरचा चढ

गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंत. घसा माझा सुकणार आणि चहा अर्धाच कप देणार. बरं, आता मधे कुणी खोकायचं नाही.

डोंगराआड एक चिमुकलं संस्थान होतं, आणि तिथं येसबा नावाचा एक भोळा होता. संस्थानात राजाचं पितळी नाणं चाले. ते किती पाडायचं, बाजारात किती सोडायचं, किती आत ओढायचं, हे राजपेढीनं ठरवायचं. येसबा कधी खोटं बोलत नाही, म्हणून विसाजी दिवाणांनी त्यालाच पेढीवर बसवला. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत टिकलास तर नोकरी कायम."

बायको धुरपा म्हणाली, "ही सातवी नोकरी. ही गेली तर मी माहेरी जाते. मग भाकऱ्या तूच थाप."

येसबाला भाकरी थापता येत नव्हती. तो जीव लावून कामाला लागला.

दिवाणजींनी पहिला धडा दिला. "बाजारात नाणं फार झालं की भाव चढतात. मग नाणं आत ओढायचं."

पोळा आला. गोंडे, घुंगुरमाळा महागल्या. येसबा पोतं घेऊन बाजाराच्या तोंडाशी उभा राहिला आणि आल्यागेल्याचं नाणं काढून घेऊ लागला. "सण झाला की परत देतो." गोंडेवाले माश्या मारत बसले. बैल बोडक्या शिंगांनी मिरवले.

"अरे टोणग्या, सणाला भाव चढतातच!" दिवाणजी ओरडले. "बाजार थंड पडला की नाणं सोडायचं. हात आखडायचा नाही!"

"आता ध्यानात ठेवतो, दिवाणजी."

पुढच्या आठवड्यात नदीला पूर आला. नाव बंद, भाजी पलीकडेच. बाजारात एक म्हातारी पाच वांगी घेऊन बसलेली. बाजार थंड दिसला, म्हणून येसबानं टोपल्या भरभरून नाणं वाटलं. दुपारपर्यंत एका वांग्याला एक टोपली असा भाव झाला. म्हातारीला पैसा न्यायला बैलगाडी लागली.

"माल नाही तिथं नाणं ओतून काय होणार? नाणं पेरून वांगी उगवतात?"

"पेरून बघितलं नाही, दिवाणजी."

त्यावरून आवई उठली की राजपेढी बुडाली. दाराशी ही झुंबड! येसबा बाहेर आला. खोटं त्याला जमत नव्हतं. म्हणाला, "मला ठाऊक नाही बुवा. मी तुमच्या जागी असतो तर मीही रांगेत उभा राहिलो असतो."

आतापर्यंत जे घरी होते, तेही पळत आले.

दिवाणजींनी कपाळ बडवलं. "तुझ्या एका शब्दानं बाजार हलतो रे! काहीही झालं तरी लोकांना घाबरवायचं नाही. सावकाश, तोलून बोलायचं. 'थोडा चढ दिसतो. आमचं बारीक लक्ष आहे. काळजीचं कारण नाही.' घोक!"

येसबानं घोकलं. जेवताना घोकलं, झोपेत घोकलं. धुरपाला पाठ झालं.

दसरा उजाडला. दिवाणजी पेढीच्या तराजूची पूजा करायला आले. बाहेर लोक सोनं वाटायला जमलेले. दिवाणजी वाकले आणि पागोट्याचा शेमला समईत गेला. येसबानं तो पेटलेला पाहिला. हात जोडून सावकाश म्हणाला, "दिवाणजी, आपल्या पागोट्यावर उष्णतेचा थोडा चढ दिसतो."

"काय म्हणतोस?"

"आमचं बारीक लक्ष आहे. काळजीचं कारण नाही."

"शाब्बास!" दिवाणजींचे डोळे भरून आले. "असं बोलायचं! आण तो कागद. तुझी नोकरी कायम!"

सही निम्मी झाली आणि झळ टाळूला लागली. "आग! येसबा, पाणी आण, पाणी!"

"हळू, दिवाणजी. बाहेर लोक आहेत, घाबरतील."

एवढं म्हणून येसबानं बाहेर येऊन दार ओढून घेतलं, कडी घातली आणि लोकांना म्हणाला, "थोडा चढ आहे. काळजीचं कारण नाही."

आत दिवाणजींना पाण्याचा रांजण सापडला. त्यात त्यांनी डोकं घातलं म्हणून वाचले. केस मात्र परत आले नाहीत, आणि माहेरी गेलेली धुरपाही.

संपली गोष्ट. हसताय काय? आमच्या कडब्याच्या गंजीतून धूर निघत होता, तेव्हा "धुकं असेल, निजा" म्हणणाऱ्या शेजारच्या सोपान गुरसाळ्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही.