फळीचं दुसरं टोक

एकदा एक तरुण सुतार हलकं रंधा मशीन घ्यायचं म्हणून आपल्या वृद्ध गुरूकडे आला. आला तो बसलाच नाही.

"चला बाबा, आत्ताच. एकट्याला उचलता येईल असं हवं. बाकी काही बघायचं नाही."

घाईचं कारण वृद्धाला ठाऊक होतं. तरुणाचं दुकान इतकं अरुंद, की जुनं लोखंडी मशीन रोज सकाळी अंगणात काढावं लागे. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला हा धाकटा. थोरला तापाने गेला आणि मशीन आतच राहिलं. वहिनीने एकदा पदर खोचून विचारलं होतं, "भाऊजी, मी धरू का ती बाजू?" तो तुटकपणे "नको" म्हणाला होता. दादाच्या बाजूला दुसऱ्याचा हात त्याला बघवणार नव्हता. दादाने निवडलेल्या सागाच्या लांब फळ्या भिंतीशी उभ्या होत्या. गावच्या तालमीचं दार करून देण्याचा शब्द दादाने दिला होता, आणि आता ते काम दुसऱ्याला द्यायची भाषा सुरू झाली होती.

जाताना वृद्ध तरुणाच्या दुकानाशी थांबला आणि त्यातली एक फळी त्याने खांद्यावर घेतली.

"ही कशाला?"

"चल."

शहरातला व्यापारी हसला. "आजोबा, मशीनबरोबर लाकूड देत नाही आम्ही, म्हणून घरून आणलंत होय?"

तरुणाने एक मशीन उचलून पाहिलं. सहज उचललं गेलं. "हेच," तो म्हणाला.

"त्यावर फळी सरकव," वृद्ध म्हणाला.

मशीन बंदच होतं. फळी अर्धी पुढे गेली, तिचं टोक लवलं आणि मागची बाजू वर उठली. त्याने जोराने दाबली, तर मशीनच कलंडू लागलं.

"आखूड फळीला हे उत्तम," व्यापारी म्हणाला. "लांब असेल तर पुढे स्टँड लावा, नाहीतर कुणीतरी टोक धरा."

"मग स्टँड द्या."

"घे," वृद्ध म्हणाला. "आणि दार चौकटीत बसवताना दुसरी बाजू कोण धरेल?"

तरुण उसळला. "तुम्हाला मला काही घेऊच द्यायचं नाही. जड घेतलं तर उचलायला दोघं, हलकं घेतलं तर धरायला दोघं."

"मशीन हेच घे, पोरा. तुझ्या दुकानाला हेच योग्य आहे. पण तुला असं काम हवं आहे, ज्याला दुसरी बाजूच नाही. आपल्या धंद्यात तसं काम नसतं. दादाची बाजू तू रिकामी ठेवलीस, तर ती दादाची राहत नाही. नुसती रिकामी राहते."

परतताना फळी दोघांच्या खांद्यांवर होती.

सकाळी त्याने नवं मशीन एकट्याने अंगणात आणलं. स्टँड आतच राहू दिला. फळी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. उगाच बटण पुसत राहिला. मग स्वयंपाकघराकडे न पाहताच म्हणाला, "वहिनी, जरा टोक धरता?"

ती हात पुसत आली आणि दादा उभा राहायचा तिथेच उभी राहिली.

"ओढू नका. नुसतं तोलून धरा."

"माहीत आहे. रोज बघत होते मी."

दोन फळ्यांच्या कडा रंधून झाल्यावर त्याने त्या एकमेकींना भिडवल्या. दोघांनी एकेक टोक धरून त्या उन्हासमोर उचलल्या. सांध्यातून कुठेही उजेड आला नाही.