भिवाजीरावांची लस

भिवाजीराव थोरबोले यमालाही भ्यायचे नाहीत. भ्यायचे ते फक्त सुईला, आणि जन्मभर बैलांना लस टोचायची सरकारी नोकरी केली ती यांनीच!

न्यूमोनियातून जेमतेम वाचले. घरी सोडायच्या सकाळी सिस्टर लस घेऊन आली. "आबा, हे दुखणं पुन्हा उलटलं तर झेपायचं नाही."

भिवाजीरावांनी बाही मनगटापर्यंत खाली ओढली. मग साहेबी आवाजात गरजले, "मी आता ठणठणीत आहे! ठणठणीताला सुई कशाला?"

सिस्टर म्हणाली, "मी लहान असताना तुम्ही आमच्या गोठ्यात लस टोचायला आलात, तेव्हा माझे वडीलही बैलाबद्दल हेच म्हणाले होते. तुम्ही दरडावलंत, 'मग मेल्यावर टोचू काय?' आता बोला आबा, बाही वर करताय, की बाहेर थांबलेल्या सूनबाईंना वेसण धरायला बोलावू?"