रंगवलेलं गवत

एक होता रंगारी, एक त्याची बायको भिवरा आणि एक त्यांची पाच वर्षांची लेक सगुणा. सात गावं फिरून झाली, पण तिघांना थारा कुठे मिळेना. रंगाऱ्याला कारखाना टाकायला ओढ्याकाठची जागा हवी, आणि ओढ्याकाठी रंगारी कुणालाच नको.

आठव्या गावच्या पाटलांनी मात्र मन मोठं केलं. म्हणाले, "राहा बाबांनो. पण आमचा एक नेम आहे. नवा कारखाना टाकणाऱ्यानं अंगण आणि ओढा यांच्यामध्ये वीस हात रुंद हिरवा पट्टा राखायचा. वाळ्याचं दाट गवत लावायचं, बांबू लावायचा. त्याच्या अलीकडे मोठा खड्डा खणायचा. पावसाचं पाणी तुमच्या अंगणातला रंग, गाळ घेऊन निघेल, ते आधी खड्ड्यात निवळू दे, मग गवतातून झिरपत ओढ्यात जाऊ दे. नेम मोडलात, तर त्याच दिवशी बिऱ्हाड उचलायचं."

रंगाऱ्यानं मान डोलावली. भिवराला तर रडूच फुटलं. आता ह्या चुलीवरून उठायचं नाही, असं तिनं मनात धरलं.

पण जागा मोजायला गेल्यावर रंगाऱ्याचा जीव खालीवर झाला. "वीस हात गवताला? अगं, तिथे माझी पन्नास लुगडी वाळतील!"

"अहो, पण पाटील बघायला येणार आहेत."

"येऊ देत की. हिरवं बघायचंय ना त्यांना? हिरवं करायला मला पाऊसपाणी लागत नाही, हळद आणि नीळ लागते."

आणि काय केलं असेल त्या शहाण्यानं? माळावरचं वाळकं गवत भारे भारे आणलं. हळदीच्या पाण्यात बुचकळलं, वरून निळीचा हात दिला. असं हिरवंगार उतरलं, की पोपट भुलावा! जुड्या बांधून ओढ्याच्या कडेनं दोन ओळी रोवल्या आणि मागच्या सगळ्या जागेत दोऱ्या बांधून लुगडी वाळत घातली, म्हणजे मागे गवत आहे की नाही ते लुगड्यांआड दिसू नये. खड्डा तर खणलाच नाही. चार टोपल्या माती उकरली आणि वर चटई टाकली.

पाटील आले. घोड्यावरूनच पाहिलं. घोड्यानं एका जुडीला तोंड लावलं आणि मान झटकून बाजूला झाला.

"माजलाय मेला," पाटील हसले. "ताजं गवत नको म्हणतोय!"

रंगारीही हसला. भिवराला हसू आलं नाही, ती खाली मान घालून रांजण ढवळायला लागली.

ज्येष्ठात एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पहिला पाऊस कोसळला. अंगणात रांजण उघडे, काळा रंग करायच्या हिराकसाचा ढीग उघडा, तांबड्या रंगाच्या मंजिष्ठेचा चोथा उघडा. घटकाभरात सगळं अंगण वाहायला लागलं. पाऊस थांबला तशी भिवरा ओढ्याकडे धावली आणि जागच्या जागी थिजली.

ओढा ओढ्यासारखा राहिलाच नव्हता. एका कडेनं तांबडा, एका कडेनं निळा, मधून काळाभोर. मासे पोटं वर करून तरंगत होते. पाण्यातून बाहेर आलेल्या म्हशी गुडघ्यापर्यंत निळ्या. पाणवठ्यावरच्या बायांच्या हातून घागरी सुटल्या.

तेवढ्यात मागून सगुणा आली. "आई, पाणी कडू लागतंय गं."

भिवरानं वळून पाहिलं. पोरीचे ओठ काळे, जीभ काळी. रोजच्यासारखं ओंजळीनं ओढ्याचं पाणी प्यायली होती. बघता बघता पोर ओकायला लागली आणि आईच्या अंगावर कोसळली.

वैद्य धावले. कोमट दूध पाजलं, पुन्हा ओकवलं, पुन्हा पाजलं. तोवर सगळं गाव गोळा झालं. आणि मग एका म्हातारीचं लक्ष कडेच्या गवताकडे गेलं.

"अगं बाई! हे गवत एका दुपारीत म्हातारं झालं की काय?"

रंग धुऊन जुड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

रंगारी बायकोच्या कानाशी लागला. "सांग, कीड पडली म्हणून. नाहीतर हेही गाव जाईल."

भिवरानं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, "पाटील, गवताला काही झालं नाही. कीड आमच्या अकलेला पडली. हे गवत रंगवलेलं आहे. खड्डा नाहीच. आम्ही बिऱ्हाड उचलतो, पण पोर डोळे उघडेस्तोवर थांबू द्या."

सगळे पाटलांकडे बघायला लागले. पाटलांची मान खाली. त्यांनी एक जुडी उपटून हातात घेतली. म्हणाले, "माझ्या घोड्याला कळलं ते मला कळलं नाही. मी खाली उतरून हात लावला असता, तर आज ही पोर अशी पडली नसती. बाई, खरं बोललीस, म्हणून राहा. पण खरा पट्टा रुजेपर्यंत कारखान्याची चूल पेटायची नाही."

दिवस कलता कलता सगुणानं डोळे उघडले आणि भाकर मागितली. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं स्वतःच्या हातानं पुरुषभर खोल खड्डा खणला. हिराकसावर, रांजणांवर छप्पर घातलं. वीस हातांत वाळा लावला, बांबू लावला. गावभर मोलमजुरी केली, पण वर्षभर रंगाला हात लावला नाही.

पुढच्या पावसात खड्ड्यात गाळ बसला आणि गवताखालून पाणी निघालं ते नितळ. ओढ्यात मासे फिरले. चूल पेटली. त्या नितळ पाण्यात मंजिष्ठेचा रंग असा खुलला, की लुगडं उन्हात धरलं तर बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. तिसऱ्या वर्षी वाळा फार दाटला, तेव्हा भिवरानं थोडा उपटून त्याची मुळं लुगड्यांच्या घड्यांत ठेवली. पेठेत घडी उलगडली की चारी दुकानांत वास दरवळायचा. लांबलांबच्या गावांहून बायका वासाचं लुगडं मागत यायला लागल्या. गावानं ती जागा रंगाऱ्याला कायमची दिली. सगुणा तिथेच वाढली, आणि त्या घरात कपड्यालत्त्याला, दुधातुपाला कधी कमी पडलं नाही.

तात्पर्य: आपल्या अंगणातून वाहून गेलेलं पाणी कुणाच्या तरी ओंजळीत जातं, त्याची वाट राखायची ती खऱ्या मुळांनी, देखाव्यानं नाही.